मेणबाईंचं खातं

सत्तावीस वर्षं त्या लोकांचे दात करत होत्या, पण इतक्या वर्षांत एकाही माणसाने त्यांना "छान झालेत हो" म्हटलं नव्हतं. म्हणायला तो माणूस भेटायला तर हवा. कवळीचं काम पडद्यामागे चालतं. दाताचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात आणि डब्यात घालून लॅबमध्ये पाठवतात. तिथे त्या ठशात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा करतात, साच्यावर मेण बसवतात, मेणात एकेक दात लावतात. मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक येतं, आणि घासूनपुसून चकचकीत झालेली कवळी त्याच डब्यातून परत जाते. कौतुक डॉक्टरांच्या वाट्याला जातं. तक्रार मात्र न चुकता डब्यात बसून लॅबमध्ये येते.

मेणबाई हे नाव त्यांना लॅबच्या मालकांनी दिलं होतं. मेणात दात लावावेत तर त्यांनीच. सगळे दात एका ओळीत कवायतीला उभे केल्यासारखे त्या कधी लावत नसत. एखादा किंचित तिरका, एखादा दुसऱ्याच्या जरा पुढे, वय जास्त असेल तर कडा थोड्या झिजवलेल्या. मालक नव्या कारागिराला सांगत, "आधी मेणबाईंचं काम बघ आणि मग तुझं झाकून ठेव."

मालकांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी लॅब बंद केली. मेणबाई तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. घरी बसण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. एका छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत प्लास्टर, पाण्याची मोरी आणि पॉलिशचं चाक. दुसऱ्या खोलीत मोठ्या खिडकीला लागून कामाचं टेबल. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा, त्याने टेबलाची उंची बायकोच्या कोपराला मापून ठरवली. सगळं जिथल्या तिथे लागलं. फक्त काम नव्हतं.

डब्यावर सत्तावीस वर्षं मालकांच्या लॅबचं नाव होतं. मेणबाईंना कोण ओळखणार? त्या दवाखान्यांतून हिंडल्या. प्रत्येक ठिकाणी बाहेर बसलेली मुलगी कार्ड ठेवून जायला सांगायची. दातांच्या कण्या करणं कशाला म्हणतात ते आपल्या घरात आता खरोखर कळलं, असं नवरा म्हणाला, आणि त्या चिडायच्या ऐवजी हसल्या. एकच जुने डॉक्टर त्यांना काम पाठवत राहिले. उंचेपुरे, कमी बोलणारे, त्यांचा दवाखाना चौकात. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत.

सोशल मीडियाचा विषय काढला तो नणंदेने. तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांनी तिला आधी फोनमध्ये पाहिलेलं असायचं. ती आली, टेबलावर मांडलेल्या चार कवळ्या पाहिल्या आणि म्हणाली, हे जगाला दाखवत का नाहीस? मेणबाईंना म्हणणं पटलं. पटलं की लगेच करायचं, हा त्यांचा स्वभाव. त्याच दुपारी त्यांनी एका कवळीचा फोटो काढून आपल्या खात्यावर टाकला.

ते खातं घरगुती होतं. भाच्याची नवी गाडी, चुलतसासऱ्यांची रोज सकाळची फुलं, आणि त्या दोहोंच्या मधोमध अठ्ठावीस दात. संध्याकाळपर्यंत चार मावश्यांनी "खूप छान" लिहिलं, एका जावेने "कुणाची गं?" असं विचारलं, आणि चुलतसासऱ्यांनी आपली गेल्या वर्षी हरवलेली कवळी अशीच होती अशी आठवण सांगितली. डॉक्टर एकही फिरकला नाही.

"वहिनी, घरचं आणि धंद्याचं एका ताटात वाढू नकोस," नणंद म्हणाली.

मग कामाचं वेगळं खातं उघडायला दोघी बसल्या. नणंदेने सुचवलेल्या नावात "स्माइल" होतं, "स्टुडिओ" होता आणि शेवटी "बाय" लावून आणखी काहीतरी होतं. मेणबाईंनी ऐकून घेतलं आणि खोडून टाकलं. नाव लिहिलं, मेणबाई. खाली ओळ लिहिली, कवळ्या करते, सत्तावीस वर्षं. नणंदेचं म्हणणं पडलं की कवळी हा शब्द म्हातारा वाटतो. मेणबाई म्हणाल्या, "वन्सं, ज्याला हवी असते तो कवळीच शोधतो. स्माइल शोधत कुणी येत नाही."

फोटोच्या बाबतीत मात्र त्यांनी नणंदेचं निमूटपणे ऐकलं. ट्यूबलाइट बंद करायची, खिडकीतला सकाळचा उजेड घ्यायचा, मागे काळा कागद धरायचा. रंग बदलणाऱ्या सोयींना हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं, कारण दाताची छटा हाच तर सगळा खेळ. आठवड्यातून तीनदा टाकायचं, आणि कुणी काही विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. फोटोखाली काय लिहायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. टेबलाशी बसून मनातल्या मनात जे बोलायच्या तेच त्या लिहायला लागल्या. "हा सुळा मी मुद्दाम थोडा वळवला. सरळ ठेवला असता तर खोटा दिसला असता." किंवा, "आज पॉलिश करताना घाई केली. उद्या पुन्हा करणार." वाचणाऱ्यांना ते आवडायला लागलं. गावोगावचे कवळी करणारे कारागीर जमू लागले, एखादा डॉक्टर यायला लागला. दुसऱ्या शहरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला ठसा पाठवला, मग आणखी दोन. मेणबाईंची चाल बदलली. छापखान्याचा जिना त्या दोनदोन पायऱ्यांनी चढायला लागल्या, आणि छापखानेवाले नवऱ्याला म्हणाले, बाईंना कसलं औषध चालू केलंत?

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांकडून एक अवघड काम आलं. सत्तरीच्या एक बाई, दुसऱ्या लॅबची नवी कवळी बसवल्यापासून स आणि श म्हणताना शिटी वाजते. दोनदा घासून झालं होतं, शिटी तशीच. मेणबाईंनी फोन करून सांगितलं की बोलताना ऐकल्याशिवाय यातलं काही कळणार नाही, बाईंना माझ्याकडे पाठवा. लॅबवाल्यांनी पेशंटसमोर यायचं नसतं असा मोठ्या डॉक्टरांचा दंडक होता. पण त्यांनीही हात टेकले होते, म्हणून पाठवलं.

त्या बाई जिना चढून आल्या. पांढरे केस आखूड कापलेले, काठी नाही, धाप नाही. त्यांनी "नमस्कार" म्हटलं आणि मेणबाईंच्या हातातलं मेणाचं पातं तसंच राहिलं. हा आवाज त्यांनी सगळं बालपण ऐकला होता. चाळीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाई त्या ह्याच. निवृत्तीनंतर त्या अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या, आणि गेले दोन महिने शिटीमुळे ते काम बंद पडलं होतं.

मेणबाईंनी त्यांना साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले. स आणि ष तपासायला त्याहून चांगलं काही नाही. साठ, एकसष्ट, बासष्ट. प्रत्येक आकड्याला चहाची किटली उकळल्यासारखी बारीक शिटी. बदल ताडून बघता यावा म्हणून त्यांनी विचारून ते फोनवर मुद्रित केलं. मग जुना फोटो मागितला. फोटोतल्या हसऱ्या तरुण बाईंच्या पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट होती. नव्या कवळीत ती बुजवून दात सुंदर जोडून टाकले होते, आणि मागे टाळूकडे अॅक्रिलिकचा थर जाड राहिला होता. मेणबाईंनी तीन दिवस काढले. दात पुन्हा मेणात लावून बघितले, फट परत आणली, मागचा थर कागदाइतका उतरवला. चौथ्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि आकडे म्हणाल्या. सदुसष्ट स्वच्छ आलं. अडुसष्टला त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या, नुसत्या ऐकण्याच्या सुखासाठी. मेणबाईंनी तेही मुद्रित केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खात्यावर टाकलं. काळ्या कागदावर कवळीचा फोटो, आधीचा आवाज आणि नंतरचा आवाज. चेहरा नाही, नाव नाही. म्हणजे कुणाला काय कळणार, असा त्यांचा हिशेब. खाली लिहिलं, "सदुसष्ट. तीन दिवस लागले."

दोन दिवसांत ते हजारो लोकांनी ऐकलं. मेणबाईंचा फोन दर मिनिटाला वाजत होता. अकरा डॉक्टरांनी काम पाठवायचं विचारलं. नणंद दुकान बंद करून पेढ्यांसारखं काहीतरी गोड घेऊन येण्याच्या बेतात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बातमीवाल्या बाई पुन्हा जिना चढून आल्या. या वेळी त्यांनी नमस्कार म्हटलं नाही.

त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला आणि ते दोन्ही आवाज वाजवले. मग म्हणाल्या, "माझा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही, बाई. लोक मला आवाजानं ओळखतात. तुम्ही माझा चेहरा लावलात भिंतीवर."

कालपासून त्यांना जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत होते. कुणी प्रेमाने चौकशी केली, कुणी गंमत केली. आपल्याला एकही दात नाही हे त्यांनी मुलालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ते त्याला सुनेच्या फोनवरून कळलं.

मेणबाईंनी कारण दिलं नाही. नाव लिहिलं नव्हतं, हे तोंडापर्यंत आलं होतं, ते त्यांनी तिथेच गिळलं. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही," एवढंच म्हणाल्या. बाईंच्या समोरच त्यांनी ते खात्यावरून काढलं, मग फोनमधलं मूळ मुद्रणही पुसलं. बाईंनी सगळं होईपर्यंत पाहिलं. काढलंत ते बरं केलंत, पण ऐकलं ते लोकांनी ऐकलं, असं म्हणून त्या गेल्या.

नणंदेचं म्हणणं होतं की आवाज काढ, फोटो तरी राहू दे; इतकी माणसं एकदाच येतात. मेणबाई नाही म्हणाल्या. उलट त्यांनी साध्या अक्षरांत लिहिलं: "परवाचं काम मी इथून काढलं आहे. ज्यांचं होतं त्यांना मी विचारलं नव्हतं. चूक माझी आहे. कुणाकडे ते असेल तर कृपया पुढे पाठवू नका." काहींनी शाबासकी दिली, काहींनी टोमणे मारले, बरेचसे जसे आले तसे निघून गेले. अकरांतले नऊ डॉक्टर पुन्हा बोलले नाहीत. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तो अर्ध्या मिनिटाचा होता. सध्या आपण काम दुसरीकडे देत आहोत, असं त्यांनी कळवलं. मेणबाई बरं म्हणाल्या.

आठवडाभर खातं गप्प होतं. नवऱ्याला वाटलं आता हे प्रकरण मिटलं. पण मेणबाई रुसून बसल्या नव्हत्या, विचार करत होत्या. दाखवायचं तर काम माणसाच्या तोंडात बसलेलंच दाखवायला हवं, टेबलावरची कवळी म्हणजे खुंटीवरचा सदरा. आणि दुसऱ्याचं तोंड तर मागायचं नाही. शनिवारी सकाळी त्यांनी नणंदेला बोलावलं आणि फोन धरायला सांगितला. खिडकीच्या उजेडात खुर्ची ठेवली, काळा कागद मागे टाचला, आणि त्या बोलायला लागल्या.

"मी मेणबाई. चोवीस वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले," त्या म्हणाल्या, आणि तोंडात अंगठा घालून वरचे पुढचे चार दात काढून तळहातावर ठेवले.

फोन नणंदेच्या हातातून सुटता सुटता राहिला. पंचवीस वर्षांत तिला याचा पत्ता नव्हता. तिने आधी वहिनीच्या तळहाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"दादाला माहीत आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं."

"आणि मला?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, वन्सं," मेणबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की खालून छापखानेवाल्यांनी काय झालं म्हणून विचारलं.

ते हसणं त्यांनी कापलं नाही. पुढे मेणबाईंनी सांगितलं की पहिले चार दात इतके पांढरे मिळाले होते की तोंड उघडलं की दिवा लागल्यासारखं वाटे. भांडायला म्हणून त्या लॅबमध्ये गेल्या. मालक म्हणाले, एवढं कळतंय तर स्वतःच करा. त्या बसल्या आणि पुढे सत्तावीस वर्षं उठल्याच नाहीत. मग त्यांनी बिनदातांचं "सदुसष्ट" म्हणून दाखवलं, दात परत बसवले, जिभेने एकदा चाचपले, आणि दातांसकट पुन्हा म्हटलं.

ते परवाच्याइतकं धावलं नाही. हळूहळू चालत राहिलं, आणि चालत राहिलं म्हणून लांब गेलं. ज्यांना कवळी लागणार होती आणि लाज वाटत होती अशी माणसं लिहू लागली. एका गृहस्थांनी लिहिलं की दोन वर्षं ते तोंडावर रुमाल धरून बोलत होते. मेणबाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या, आणि आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा, मग मी आहेच, असं सांगायच्या. ते डॉक्टर मग विचारायचे, ही मेणबाई कोण? कामं अशी उलट्या वाटेने यायला लागली, पेशंटकडून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून लॅबकडे. मदतीला त्यांनी जुन्या लॅबमधले पॉलिशवाले काका बोलावून घेतले.

दीड महिन्याने एका सकाळी फोन आला. आवाजाला नाव सांगायची गरज नव्हती.

"तुमचे सगळे व्हिडिओ ऐकले. दात ठीक आहेत. बोलणं ठीक नाही," बातमीवाल्या बाई म्हणाल्या. "वाक्य संपायच्या आत तुम्ही आवाज सोडून देता. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. तेच गिळलंत तर उरलं काय?"

मेणबाई गडबडल्या आणि म्हणाल्या, चुकतं खरं.

"बघा, 'खरं' ऐकूच आलं नाही," बाई म्हणाल्या. उद्या अकराला मोकळ्या आहात का, हेही त्यांनी विचारलं.

त्या दोनदा आल्या. श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, मोठ्याने बोलणं आणि स्पष्ट बोलणं यात फरक काय, हे त्यांनी मेणबाईंना खुर्चीत ताठ बसवून शिकवलं. शाळेतल्यासारखं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मेणबाईंनी आकडे म्हटले, त्यांनी ऐकले. क्षमा केली असं बाईंनी म्हटलं नाही, मेणबाईंनी विचारलंही नाही. फक्त जाताना बाई म्हणाल्या की गेल्या आठवड्यात एक जाडजूड कादंबरी वाचून पूर्ण केली आणि एकदाही थांबावं लागलं नाही.

मोठे डॉक्टर वर्ष संपता संपता आले. फोन केला नाही, स्वतः आले. इतक्या वर्षांत ते लॅबमध्ये प्रथमच पाऊल टाकत होते. त्यांच्या तीन पेशंटनी मेणबाईंच्याच हातची कवळी हवी म्हणून सांगितलं होतं. मेणबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि दोन अटी सांगितल्या. डब्यातल्या चिठ्ठीवर कवळी कुणी केली ते नाव असेल. आणि कुठल्याही पेशंटचं काही दाखवायचं असेल तर त्याच्या सहीचा कागद लागेल, मग तो फोटो असो की आवाज. तो कागद डॉक्टरांनी नाही, पेशंटने वाचून द्यायचा. डॉक्टरांनी पहिल्या अटीला जरा वेळ घेतला. दुसरीला लगेच हो म्हणाले. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, जिन्यावरून पडलात तेव्हा तुमच्या तोंडाचा ठसा कुणी घेतला होता? मेणबाईंनी नाव सांगितलं. ते मोठ्या डॉक्टरांचेच गुरू निघाले.

गेल्या महिन्यात दातांच्या कॉलेजने मेणबाईंना बोलावलं. डॉक्टर होऊ घातलेली दीडशे मुलंमुली समोर, आणि विषय, व्यवसायासाठी सोशल मीडियाची सुरुवात. नणंद पहिल्या रांगेत बसली होती, वहिनीचे केस सकाळी तिनेच कापले होते. मेणबाईंनी कागद नेला नव्हता. घरचं खातं वेगळं ठेवा, उजेड खिडकीचा घ्या, रंगात फेरफार करू नका, आलेल्या प्रश्नाला उत्तर द्या, इतकं त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. उरलेला पाऊण तास त्या आपल्या चुकीबद्दल बोलल्या, काही न लपवता, नाव न घेता, आणि प्रत्येक क्रियापद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवत.

शेवटी एका मुलीने उठून विचारलं की किती फॉलोअर झाल्यावर कामं यायला लागली.

"पहिलं काम आलं तेव्हा एकशे अकरा होते," मेणबाई म्हणाल्या. "त्यातले चाळीस सासरचे."

सगळा वर्ग दात काढून हसला, आणि मेणबाईंनी सवयीने दीडशे जणांचे दात एका नजरेत पाहून घेतले. मग तिसऱ्या रांगेतला एक हात वर झाला, आणि त्या त्याच्याकडे वळल्या.